मारिया एलेना इतक्या उशिरा का येते?

प्रश्न : ‘व्हिकी क्रिस्टिना बार्सिलोना’ (२००८) हा चित्रपट पाहिला. बार्सिलोनात उन्हाळा घालवायला आलेल्या व्हिकी आणि क्रिस्टिना या अमेरिकन मैत्रिणींना त्यात चित्रकार हुआन अंतोनियो भेटतो. त्याची घटस्फोटित बायको मारिया एलेना जवळपास अर्ध्यावर येते. एवढा उशीर का? आणि निवेदक सतत का बोलतो?

उत्तर : ती पडद्यावर नसते, पण कथेत असतेच. तिच्या आणि हुआनच्या हिंसक भांडणाची चर्चा सुरुवातीलाच कानावर पडते. हुआनसोबतच्या ओव्हिएदो शहराच्या सहलीत क्रिस्टिना आजारी पडते, लग्न ठरलेली व्हिकी हुआनकडे ओढली जाते आणि गुंता तयार होतो. मारिया एलेना आधी आली असती, तर व्हिकीची ही घालमेल झाकोळली असती. मारिया एलेना झालेली पेनेलोपे क्रूझ आली की नजर दुसरीकडे जातच नाही. या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

निवेदकामुळे अख्खा उन्हाळा ९६ मिनिटांत मावतो. मात्र व्हिकी झालेल्या रिबेका हॉलच्या चेहऱ्यावर जे स्पष्ट दिसतं, तेही तो सांगतो, तिथे तो खटकतो.

पुन्हा पाहाल तेव्हा डबिंग नको, सबटायटल्स लावा. पुढे हुआनसोबत राहणाऱ्या क्रिस्टिनाला स्पॅनिश येत नाही; तिला कळावं म्हणून हुआन मारियाला वारंवार इंग्रजीत बोलायला सांगतो. मारिया चिडली की पुन्हा स्पॅनिशवर घसरते. सगळे एकाच भाषेत बोलले, तर क्रिस्टिनाचं परकेपण कळतच नाही.