सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 आलंय, बायोप्सी करावी लागेल का?

बहुतेकदा नाही. ग्रेड चरबीचा असतो. खरं बघायचं ते लिव्हर कडक होतंय का. आधी रक्ताच्या रिपोर्टवरून फिब-4, म्हणजे लिव्हर कडक होण्याच्या धोक्याचा आकडा, काढा: वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट्स गुणिले (फक्त एसजीपीटीचं) वर्गमूळ यानं भागा. प्लेटलेट्स 2 लाख असतील तर 200 धरा. उत्तर 1.3 च्या खाली आलं तर धोका कमी. वर आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी: उपाशीपोटी जायचं, बरगड्यांवर टकटक, दहा मिनिटांत मोकळे. माझा नागपुरात धंतोलीत झाला, सुई नाही की टाका नाही.

अमेरिकेत 2024 मध्ये मंजूर झालेलं रेस्मेटिरोम हे औषध मध्यम ते जास्त फायब्रोसिससाठी (लिव्हर कडक होण्यासाठी) आहे, प्रत्येक फॅटी लिव्हरला नाही. लिव्हरची चरबी कमी करायला, वजन 80 किलो असेल तर 6 ते 8 किलो उतरवा. सावजीची तर्री तेवढी वरून काढून ठेवा, जमलं तर!