मेडिकलच्या काउंटरवरचे पहिले दिवस

भाऊ, डी.फार्म. करून गावातच मेडिकलवर उभा राहिलास, लय चांगलं केलंस. बाजाराच्या दिवशी गर्दी होणार, शेवटच्या एसटीची घाई असणार, आणि "पट्टीच तर द्यायची, एवढा वेळ कायले?" असं कोणीतरी म्हणणारच. घाबरू नको. वेळ लागतो तो पट्टी काढायला नाही, तपासायला. नवीन पोरं चुकतात ती याच घाईत.

सध्या एवढं सांभाळ:

- चिठ्ठी पूर्ण वाच. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रॅलाझिन बीपीवर. अक्षर गिचमिड असलं की एकाचं दुसरं होतं. शंका आली तर डॉक्टरांना फोन लाव, अंदाजानं देऊ नको.
- सांधेवाताचं मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. वार विचार, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिही, पेशंटकडून वदवून घे.
- इन्सुलिनची बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० ची असेल तर नारिंगी. बाटली अन् सिरिंज शेजारी ठेवून बघ, मगच पिशवीत टाक.
- शेड्यूल एच-१ ची औषधं (कायद्याच्या यादीतली, काही अँटिबायोटिक, टीबीची, सवय लागणारी) रजिस्टरात लगेच लिही, संध्याकाळवर ढकलू नको. ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं.

बाकीचं हळूहळू येईल, आत्ता डोक्यात भरू नको.

अन् थांबलेल्या माणसाला आधीच सांगत जा, "आजी, दहा मिनिटं लागतील, बाकावर बसा." एवढं सांगितलं की माणसं थांबतात रे.