त्रास होत असतानाच नोंद करा

नाकाच्या अ‍ॅलर्जीचे निदान नुकतेच झाले असल्यास लक्षणांची नोंद रोज, शक्यतो त्रास होत असतानाच करावी. कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर शेवटचे दोनतीन दिवसच आठवतात. ‘मास्क-एअर’ या अ‍ॅपमध्ये नाक व डोळ्यांचा त्रास ० ते १०० अशा पट्टीवर दाखवायचा असतो. साध्या वहीतही हे जमते. घेतलेले औषध त्याच ओळीत लिहावे, कारण स्टेरॉइडच्या फवाऱ्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात आणि नोंदीअभावी अनेक जण तो मध्येच सोडतात. बरे वाटले त्या दिवशीही आकडा टाकावा (हे बहुतेकांना अनावश्यक वाटते). सायनसचा जुना आजार असल्यास वास कितपत येतो, तेही लिहावे. डोळ्याभोवती सूज आल्यास किंवा अंधूक दिसू लागल्यास मात्र नोंदी बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.