शेलला नाव सापडतं, बॅचला नाही!

प्रश्न: आमच्याकडे झेडओएस (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. गेल्या शनिवारी डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) बदलला, मी ओएमव्हीएसमध्ये, म्हणजे झेडओएसच्या युनिक्स शेलमध्ये शिरून ईटीसीतल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये नवा आयपी टाकला, पिंग मारलं तर होस्टचं नाव झटकन सापडलं. म्हटलं चला, सुटलो. रात्री रेक्स सॉकेटवाला (रेक्स भाषेतून नेटवर्कशी बोलणारा) बॅच जॉब मात्र आपटला, म्हणे होस्टच माहीत नाही. मशीन एक, टीसीपीआयपी एक, मग असं कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर: अहो, मशीन एक असलं तरी नाव शोधायच्या वाटा दोन आहेत, आणि तुम्ही एकच दुरुस्त केलीत. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फकडे फक्त युनिक्स बाजूचे प्रोग्रॅम बघतात. रेक्स सॉकेट, सीआयसीएस (व्यवहार हाताळणारी प्रणाली) सॉकेट ही मंडळी नेटिव्ह एमव्हीएसवाली, म्हणजे मेनफ्रेमच्या मूळ, युनिक्स नसलेल्या बाजूची, ती त्या फाइलीच्या वाटेलाही जात नाहीत, ती आधी जेसीएलमधलं (जॉब चालवायच्या सूचनांमधलं) सिसटीसीपीडी डीडी, म्हणजे फाइल जोडणारी ओळ, बघतात, ते नसेल तर यूजरआयडी डॉट टीसीपीआयपी डॉट डेटा, मग सिस१ डॉट टीसीपीपार्म्समधला टीसीपीडेटा मेंबर, असं करत करत खाली. यात कुठेतरी जुना आयपी बसलाय. बऱ्याचदा कुणीतरी टेस्टिंगला केलेला डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) असतो, तो माणूस प्रोजेक्ट सोडून जातो, डेटासेट तसाच.

अंदाज नका बांधत बसू. जॉबमध्ये सिसटीसीपीटी नावाचं डीडी सिसआउट स्टारला (जॉबच्या छापील आउटपुटला) जोडा आणि परत चालवा. रिझॉल्व्हरचा (नावं शोधणाऱ्या प्रोग्रॅमचा) ट्रेस पडेल, त्यात कुठली फाइल उघडली, एनएसइंटरअ‍ॅडर, म्हणजे नेमसर्व्हरचा आयपी, कुठून घेतला सगळं दिसतं. काम झालं की डीडी काढा, नाहीतर स्पूल (आउटपुट साठायची जागा) भरेल आणि ऑपरेशन्सवाले शिव्या घालतील.

कायमचा इलाज म्हणजे रिझॉल्व्हरच्या सेटअप फाइलमध्ये ग्लोबलटीसीपीआयपीडेटा, म्हणजे सगळ्यांसाठीच्या एकाच फाइलीचं नाव द्या, तो दोन्ही वाटांना सगळ्यात आधी लागतो. पण इथे भलेभले फसतात! ग्लोबल फाइल आली की नेमसर्व्हर, डोमेनओरिजिन (छोट्या नावापुढे जोडायचं डोमेन), सर्च, टाइमआउट वगैरे फक्त तिच्यातूनच घेतलं जातं, तुमच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधलं हे सगळं बाद. त्यात नुसता नेमसर्व्हर लिहून डोमेनओरिजिन विसरलात तर पूर्ण नावं सापडतील आणि छोटी नावं वापरणारे जॉब दुसऱ्या दिवशी रांगेत आपटतील.

सेटअप फाइल बदलली की कन्सोलवरून एफ रिझॉल्व्हर,रिफ्रेश,सेटअप= करून पुढे तिचं नाव द्यायचं. नुसता ग्लोबल फाइलीतला आयपी बदलला तर साधं रिफ्रेश पुरतं. मग एफ रिझॉल्व्हर,डिस्प्ले मारून बघा. जुनीच उत्तरं येत राहिली तर कॅश (साठवलेली जुनी उत्तरं) आड येतोय, एफ रिझॉल्व्हर,फ्लश,ऑल मारा. आयपीएल (मेनफ्रेम रीस्टार्ट) लागत नाही हो, कुणी सांगितलं तरी करू नका.