आधी सॅम्पल सांभाळायला शीक

अगं,
तुझा मेसेज वाचला, फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. तू विचारलंस की हेपटायटिसवर, म्हणजे ए, बी, सी, ई अशा व्हायरसमुळे यकृताला येणाऱ्या सुजेवर, संशोधन करायला आता काही उरलंय का, बीची लस आहे, सीच्या गोळ्या आहेत. गोळ्या आहेत खऱ्या, तीन महिन्यांत बहुतेकांचा सी पूर्ण जातो, पण बी एकदा मुक्कामाला आला की सहसा जात नाही आणि ई तर आपल्या नळातूनच येतो. त्यामुळे काम संपेल ही काळजी सोड.

तुला सिक्वेन्सिंग, म्हणजे व्हायरसचा जनुकीय क्रम वाचायचं काम करायचंय, कर की, पण पहिलं वर्षभर पेशंटच्या रक्ताची सॅम्पल गोळा करायला जा असं माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगते. १९५५-५६ ला दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि साधारण २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा सगळ्यांनी ए धरला, पाण्यातून येणारं दुसरं काही माहीतच नव्हतं. पण कुणीतरी त्या पेशंटचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, जपून ठेवलं होतं, आणि एची टेस्ट आल्यावर आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि अमेरिकेच्या एनआयएचने (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) मिळून ते तपासलं, १९८० ला पेपर आला, तो ए नव्हताच! त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. खुरू यांनाही त्यांच्याकडच्या साथीत हेच दिसलं. पुढे त्यालाच ई नाव मिळालं. एनआयएचच्याच डॉ. हार्वी ऑल्टरचंही तसंच, रक्त दिल्यावर कावीळ झालेल्यांची सॅम्पल त्याने वर्षानुवर्षं फ्रीजरमध्ये ठेवली, १९८९ ला सी सापडला तेव्हा तीच उपयोगी पडली आणि २०२० ला नोबेल.

म्हणून ट्यूबवर नीट लिही. साध्या मार्करची शाई स्पिरिट लागलं की जाते, साधी चिकटपट्टी फ्रीजरमध्ये उणे ८० अंशांना सुटून पडते, अतिथंडीत टिकणारं क्रायो लेबलच वापर. सगळं सीरम एका ट्यूबमध्ये ठेवू नको, चार छोट्या कर, कारण दर वेळी वितळवलं की आरएनए, म्हणजे व्हायरसचा जनुकीय मजकूर, खराब होतो आणि मग तू सिक्वेन्सिंग कशाचं करणार? आणि रक्त कधी घेतलं एवढंच लिहून भागत नाही, ताप कधी आला, लघवी पिवळी कधी झाली, डोळे पिवळे घरच्यांना कधी दिसले हे विचार, ईचा व्हायरस सुरुवातीलाच जास्त सापडतो, आठवडे उलटले की हाती फक्त अँटिबॉडी, म्हणजे शरीराने व्हायरसविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, लागतात. बाई गरोदर असेल तर कितवा महिना ते पहिल्यांदा विचार, शेवटच्या तीन महिन्यांत ई जीवावर बेततो.

इचलकरंजीला २०१२ ला साथ आली तशी कुठेही येऊ शकते. फिल्डवर गेलीस की कावीळ उतरवणारा माळवाला भेटेलच, त्याच्याशी वाद घालत बसू नको. ए आणि ई बहुतेकांचा आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला जातं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण कुठल्या गल्लीत पेशंट वाढलेत हे त्याला बऱ्याचदा दवाखान्याच्या आधी माहीत असतं, तेवढं काढून घे, आणि मग त्या गल्लीतली पाइपलाइन गटारातून जाते का ते स्वतः वाकून बघ, नकाशावर विश्वास ठेवू नको.

पेपरवर नावाचं म्हणशील तर ते काम सुरू होण्याआधीच बोलून घे, नंतर तोंडं वाकडी होतात. सी शोधणाऱ्या मायकेल हॉटनने २०१३ ला कॅनडाचं गेर्डनर अवॉर्ड नाकारलं, का तर सीच्या शोधात बरोबर असलेल्या चू आणि कुओचं नाव त्यात नव्हतं. असा बॉस सगळ्यांना मिळत नाही गं! फेलोशिप उशिरा येते हेही धरून चाल, सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेव.

आणि बीची लस घेतलीस का? शून्य, एक, सहा महिने असे तीन डोस, मग महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तात लसीच्या अँटिबॉडी किती आहेत त्याची तपासणी, कर, आकडा १० च्या वर आल्याशिवाय मी तुला सुईला हात लावू देणार नाही. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, कुणी सिनियर लावताना दिसला तरी. सीला लस नाही.

पावसाळ्यात कुठून साथीचा फोन आला की त्याच रात्री निघावं लागतं, परत कधी येऊ ते सांगता येत नाही. घरी आत्ताच विचारून ठेव आणि मला कळव, म्हणजे टीममध्ये तुझं नाव घालते.

तुझी,
मॅडम