जुने ईमेल सर्वांना वाचता यावेत म्हणून

प्रश्न : आमच्या मंडळाचा २००८ पासूनचा जीमेलवरचा पत्रव्यवहार सभासदांना वाचायला द्यायचा आहे. पासवर्ड न देता कसा द्यावा?

उत्तर : द्यायच्या मेलना वेगळं लेबल लावा. गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घेण्याच्या सेवेत फक्त तेच लेबल निवडा. सगळ्या मेल एकत्र असलेली एमबॉक्स फाइल मिळेल. डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभरच चालते. ही फाइल तशीच वाटू नका, बहुतेकांकडे ती उघडणारच नाही. थंडरबर्ड या संगणकावरच्या ईमेल प्रोग्राममध्ये 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' हे अ‍ॅड-ऑन टाकून ती आत घ्या आणि जोडपत्रांसह एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या रूपात काढा. अनुक्रमणिकाही तयार होते. वाचायला ब्राउझर पुरतो. जुन्या मराठी मेलमध्ये रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर बहुधा युनिकोड ही आजची प्रमाणित अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टातला असतो. तो युनिकोडमध्ये आणायला त्याच फॉन्टाचा कन्व्हर्टर वापरा, दुसऱ्याने जोडाक्षरं बिघडतात. वाटायच्या प्रतीतून फोन नंबर, घरचे पत्ते गाळा. मूळ एमबॉक्सला मात्र हात लावू नका.