रिपोर्ट नॉर्मल, मग दाढा का झिजल्या?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मला होतंय काय? मी नाटक करते का?"

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विद्याताईही जाडजूड फाइल घेऊन हेच विचारत आल्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी त्यांचीच.) वय 46, घर भांडुपला, नोकरी फोर्टमध्ये, हिशेब खात्यात. ईसीजी, थायरॉईड, पोटाची सोनोग्राफी, सगळं ठीक. तरी छातीत जळजळ, मान आखडलेली, पहाटे साडेतीनला टक्क जाग. केस पुंजक्यांनी गळत होते. फॅमिली डॉक्टरांना खटकला तो रक्तदाब. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला तरी 150/96 च्या आसपास. गोळी सुरू करून त्यांनीच ताईंना माझ्याकडे पाठवलं.

"टेन्शन आहे का?" असं मी विचारत नाही. मुंबईत त्यावर "कुणाला नाही?" हे उत्तर ठरलेलं, आणि बोलणं तिथेच संपतं. मी विचारते, गेल्या सहा महिन्यांत तुमच्यात काय बदललं, आणि ते सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं?

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरांच्या." दाढ दुखते म्हणून गेल्या, तर कीड नव्हतीच. दोन्ही बाजूंच्या दाढा घासून सपाट झालेल्या. आपल्याकडे राग आला की माणूस दातओठ खातो म्हणतात. ताई ते झोपेत करत होत्या, आणि जागेपणी त्यांना राग आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मग हळूहळू बाकीचं आलं. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली होती. बिल्डरने दिलेला तीन वर्षांचा शब्द कधीच उलटून गेला, आणि आठ महिन्यांपासून तो देत असलेलं घरभाडंही थांबलं. अकरा महिन्यांचा करार संपला की नवं घर शोधायचं, एजंटला पैसे, टेम्पो, गॅसचा पत्ता. दोनदा सामान हललं. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई दर नव्या घरात रात्री उठून जुन्या घराचं दार शोधत. मुलगा बारावीला. आणि ताई सोसायटीच्या खजिनदार, म्हणून भाडं कुणाचंही थांबलं तरी फोन त्यांनाच. हे सगळं त्यांनी वाण्याच्या यादीसारखं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "पण मला टेन्शन असं नाही. सगळं मीच तर सांभाळते."

असं म्हणणाऱ्या माणसांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सांभाळता येतंय याचा अर्थ शरीराला त्याची किंमत मोजावी लागत नाही, असा होत नाही.

मी त्यांना दादरच्या पुलाची आठवण करून दिली. गाडी सुटतेय म्हणून आपण धावतो. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. ताण टिकला तर त्याच ग्रंथींमधलं कॉर्टिसॉल रक्तात साखर वाढवत राहतं. गाडी मिळाली, खिडकी मिळाली की घाटकोपर येईपर्यंत सगळं निवळतं. ताईंचं पुलावरचं धावणं आठ महिने संपलंच नव्हतं.

"पण ताणाला काहीतरी मोठं कारण लागतं ना?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. 1936 मध्ये माँट्रियलला शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं की थंडी, जखम, अतिश्रम, कारण काहीही असो, शरीरात साधारण तेच बदल होतात: त्या ग्रंथी मोठ्या झालेल्या, पोटात व्रण. कारण केवढं मोठं याचा निवाडा शरीर करत बसत नाही. शिवाय काही खुणा उशिरा दिसतात. केस ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध जोडायचं कुणाला सुचतच नाही.

मी त्यांना दोन आठवडे एक नोंद करायला सांगितली. शरीरात कुठे काय झालं, किती वाजता, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं. त्यांनी सोसायटीच्या जुन्या पावती पुस्तकाच्या मागे लिहिलं. हिशेबाची सवय, रकाने आखलेले, अक्षर देखणं. पुढच्या भेटीला मी काही बोलायच्या आतच त्यांनी बोट ठेवलं. जबडा आवळल्याच्या सतरा नोंदींपैकी अकरा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपनंतरच्या. आणि एका गुरुवारी लिहिलेलं: "जागी होते, तरी भांडुप गेलं. मुलुंडला उतरले." ही नोंद वाचताना त्या पहिल्यांदा रडल्या.

पुढचं काम साधं आणि चिवट होतं. ग्रुप म्यूट. खजिनदारीचे फोन दोन सभासदांनी वाटून घेतले. ही विनंती करायलाच ताईंना तीन आठवडे लागले. रविवारी सासूबाई नणंदेकडे. दाढांना रात्री लावायचं कव्हर दातांच्या डॉक्टरांनी दिलं. मी फक्त एवढंच शिकवलं: ओठ मिटलेले, दात सुटे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ.

एक मात्र कळकळीने सांगते. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागलाय, तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा. बायकांचा हार्ट अटॅक कधी कधी नुसती मळमळ, थकवा, जबड्यातली कळ असाही येतो. ताणाचा विचार तपासण्या झाल्यावर. आणि जगणंच नको वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही.

गेल्या महिन्यात ताई आल्या. रक्तदाब 134/84, गोळी चालू. भाडं अजून आलेलं नाही.

"काल घाटकोपरला ग्रुप उघडला," त्या म्हणाल्या, "त्रेचाळीस मेसेज. मोठं भांडण झालेलं दिसत होतं."

"मग?"

"फोन पर्समध्ये टाकला. दात बघितले. सुटे होते."